चिरेखिंडीची उखळं

“केशर, लुटायला तुला आमचंच गाव घावलं का गं?”

फोनवर अंजाकाकू शेलार होत्या. एरवी त्या आधी पावसापाण्याचं विचारायच्या, मग केशरच्या वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या गुडघ्याचं, आणि कामाचं सगळ्यात शेवटी. आज त्यांनी प्रस्तावना केलीच नाही. केशर धोत्रे कारखान्याच्या दारात उभी होती. आत तिचा धाकटा भाऊ दुर्गेश मशीनवर दगड कापत होता, त्यामुळे दुसऱ्या कानावर हात दाबून धरल्याशिवाय तिला काही ऐकू येईना.

“काकू, झालं काय ते तरी सांगा.”

“काल दुपारी समदं गाव लावणीला खाली खाचरांत. घरात चिटपाखरू न्हाई. आन् समद्या बायांच्या फोनवर एका दमात निरोप. उखळ वापरलं, पैसे वळते झाले. परवाच्याला बी तसंच. कुणी वापरलं? उंदरानं?”

“काहीतरी बिघाड असेल. मी बघते.”

“बघ. बाया माझ्या तोंडाकडं बघत्यात. तुझी उखळं गावात मी आणली हाईत.” आणि फोन बंद झाला.

केशरला वाईट वाटलं ते शेवटच्या वाक्याचं. कारण ते खरं होतं.

ऑनलाइन माल विकणाऱ्यांचे पूर्वी काय हाल होते, ते ज्यांनी भोगले त्यांना सांगायला नको. माल आज गेला तरी परतीची मुदत संपेपर्यंत पैसे बाजाराकडेच अडकून पडायचे. लोक शेरवानी लग्नात मिरवून परत पाठवायचे, मिक्सर दिवाळीचा फराळ करून परत पाठवायचे, आणि जाण्यायेण्याचं भाडं मात्र विक्रेत्याच्या बोडक्यावर बसायचं. यावर तोड निघाली ती टिकलीची. काही स्फटिक असे असतात, की त्यांच्यावर दाब पडला की त्यांच्यात इवलीशी वीज तयार होते. गॅसचा लायटर खटकन दाबल्यावर ठिणगी पडते ती याच गुणामुळे. अशा स्फटिकाचा, कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा म्हणजे टिकली; ती प्रत्येक वस्तूला चिकटवलेली असे. तिला बॅटरी लागत नसे. वस्तू वापरली की तिला हादरा बसे, त्या हादऱ्यातून मिळालेल्या विजेवरच ती त्याची नोंद करी आणि घरातल्या वीजमीटरला कळवी. मीटर ते ‘पेठ’ या ऑनलाइन बाजाराला कळवी. मग गिऱ्हाइकाने खरेदीच्या वेळी बँकेत बाजूला ठेवलेल्या रकमेतला एक लहानसा घास विक्रेत्याच्या खात्यात पडे. जितका वापर तितकं मोल, म्हणून नावच वापरमोल. वस्तूची किंमत फिटल्यावरही ती वापरात राहिली, तर टिकाऊपणाचं बक्षीस म्हणून पेठ आपल्या पदरचे थोडे पैसे विक्रेत्याला देत राही.

एवढ्याशा टिकलीने बाजाराची रीतच बदलली. दोन धुण्यांत विटणारे कपडे आणि महिनाभरात मोडणारी खेळणी विकणारे गाशा गुंडाळून गेले. ज्यांच्या वस्तू वर्षानुवर्षं टिकायच्या त्यांचे दिवस आले. कराडच्या बाहेर, हायवेच्या कडेला दगड फोडून पाटे-वरवंटे करणाऱ्या यल्लाप्पा धोत्र्यांचं तर अक्षरशः उखळ पांढरं झालं. बी. कॉम. झालेल्या केशरने पेठेवर दुकान उघडलं, दुर्गेशने मशिनी आणल्या, आणि अप्पा अजूनही शेवटचा हात स्वतःच्याच छिन्नीने फिरवत.

पाटणच्या डोंगरातलं चिरेखिंड हे त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. तिथल्या बचत गटाची कारळ्याची चटणी शहरांत भारी भावाने जायची, कारण ती खरोखर हाताने कुटलेली असल्याचा दाखला टिकली देत होती. अंजाकाकू गटाच्या अध्यक्ष. त्यांच्या शब्दावर गावातल्या चाळीसएक घरांनी धोत्र्यांचं उखळ घेतलं आणि जुन्या पद्धतीने चुलीशेजारी जमिनीत गळ्यापर्यंत पुरलं. रोज सकाळी केशरच्या फोनवर चिरेखिंड जागं व्हायचं. आधी एखादंच घर, मग दुसरं, मग सगळी वाडी. तिला तो क्रम पाठ झाला होता. कुणाकडे पाहुणे आहेत, कुणाची सून माहेरी गेली आहे, हे तिला चटणीच्या कुटण्यावरून कळायचं आणि ती ते कुणाला सांगत नसे.

त्या दिवशी तिने नोंदी उघडल्या आणि तिला अंजाकाकूंचा राग समजला. दुपारच्या वेळी, कुणी घरात नसताना, चिरेखिंडीतली सगळी उखळं एकाच वेळी वाजली होती. एकदा नाही, चार-पाचदा. आधीच्या आठवड्यातही असंच एकदा घडून गेलं होतं.

ती पेठेला कळवणार, तेवढ्यात पेठेचाच निरोप आला. ‘खोट्या वापराच्या संशयावरून आपलं खातं गोठवण्यात आलं आहे.’

दुर्गेशने मशीन बंद केलं.

पेठेच्या तपासणी विभागातली नेत्रा सबनीस फोनवर सभ्यपणे बोलली. “तुमच्यावर व्यक्तिशः आरोप नाही, केशरताई. पण काही विक्रेते शंभर वस्तू थरथरणाऱ्या पाटावर मांडून वापर दाखवतात, खोटे मीटर जोडतात. त्याची खूण एकच असते. सगळ्या वस्तू एकाच क्षणी वाजतात. तुमच्याकडे तेच झालंय.”

“माझी उखळं जमिनीत पुरलेली आहेत. ती पाटावर कोण मांडणार?”

“ते आम्हाला इथून दिसत नाही. तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. चूक मान्य आहे अशी सही करा, तेवढे पैसे परत जातील, नोंदी पुसल्या जातील आणि खातं उद्या सुरू होईल. बरेच जण हेच करतात. नाहीतर तक्रार लढवा. मग चौकशी संपेपर्यंत तुमची विक्री आणि पैसे बंद, वापराचे निरोप तेवढे गिऱ्हाइकांना जात राहतील, पण टिकल्यांच्या मूळ नोंदी तुम्हाला बघायला मिळतील. तो तुमचा हक्क आहे.”

“चौकशी किती चालते?”

“दिवाळी जाईल,” नेत्रा म्हणाली. तिच्या आवाजात थोडी कणव होती.

दिवाळीचा माल शेडमध्ये थप्प्या लावून तयार होता. नव्या शेडचं कर्ज मंजुरीच्या उंबरठ्यावर होतं, आणि बँक गोठलेल्या खात्याला कर्ज देत नाही. दुर्गेशने सरळ सांगितलं, “अक्का, सही कर.”

“आपण चोरी केलेली नाही.”

“मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे, बास झालं. मशीनमध्ये काहीतरी बिघडलंय, त्यासाठी आपण दिवाळी घालवायची? पेठेची गरज आपल्याला आहे, आपली पेठेला नाही.”

केशरने अंजाकाकूंना फोन लावला. तो बराच वेळ वाजत राहिला. मग काकू म्हणाल्या, “बोल.”

“काकू, एक विचारते. उखळांचं सोडा. गावात दुसरं काही वेगळं घडतंय का?”

“वेगळं काय घडनार? पाऊस हाय, चिखल हाय. झऱ्याचं पाणी लालसर येतंय, गाळून पितोय. वरच्या आळीत दारं बसंनाशी झाल्यात. फुगली असतील वलीनं.”

फोनचा आवाज मोठा होता. खाटेवर बसलेल्या अप्पांनी मान वर केली. “खालच्या आळीतली दारं बसतात का, विचार.”

तिने विचारलं. बसत होती.

“ओल सगळीकडं सारखीच की,” अप्पा म्हणाले.

केशरला खाणीवरचं लहानपण आठवलं. अप्पा शिळेत ओळीने पाचरी ठोकायचे आणि मग हातातला घण खाली ठेवून थांबायचे. तिला जवळ बोलावून कान लावायला सांगायचे. आतून टिक्, टिक् असा आवाज यायचा. आधी थांबून थांबून, मग भराभर. आवाज भराभर यायला लागला की अप्पा तिला उचलून मागे न्यायचे, आणि शिळा दुभंगायची.

चिरेखिंडीची उखळंही आधी एकदाच, मग चार-पाचदा वाजली होती. सही केली तर नोंदी पुसल्या जाणार होत्या.

“दुर्गेश, मी तक्रार लढवणार.”

“अक्का, उखळात डोकं घालतेस.”

“घातलंय. आता मुसळाला भ्यायचं कशाला?”

तो बाहेर निघून गेला. रात्रीच्या जेवणाला आला नाही, आणि दुसऱ्या दिवशीही तिच्याशी बोलला नाही.

डॉ. रझिया बागवान कराडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत. दरवर्षी त्या विद्यार्थ्यांना घेऊन धोत्र्यांच्या कारखान्यात दगड दाखवायला येत, म्हणून ओळख. केशर मूळ नोंदी घेऊन त्यांच्याकडे गेली तेव्हा त्या परीक्षेचे पेपर तपासत होत्या. अर्ध्या तासात पेपर जमिनीवर गेले आणि टेबलावर चिरेखिंडीचा नकाशा पसरला.

“तुमची पेठ म्हणते सगळी उखळं एका क्षणी वाजली,” बागवान मॅडम म्हणाल्या. “कारण ती सेकंदाच्या आत डोकावतच नाही. मूळ नोंदीत सेकंदाचा हजारावा भागही आहे. हे बघ. प्रत्येक हादरा आधी वरच्या आळीतल्या शेवटच्या घराला कळतो, मग त्याच्या खालच्या, मग देवळाजवळच्या, आणि शेवटी ओढ्याकाठच्या घरांना. प्रत्येक वेळी हाच क्रम. तळ्यात खडा टाकला की लाट जवळच्या काठाला आधी लागते. काठाकाठाने मागे जात गेलं, की खडा कुठे पडला ते सापडतं.”

त्यांनी पेन्सिलीने रेघा मागे मागे नेल्या. त्या सगळ्या गावाच्या वर, डोंगराच्या कुशीत एका पट्ट्यात जाऊन मिळाल्या.

“सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे थर, एकावर एक रचलेले. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा असतो. कोरडा असला की दगडाला दाद देत नाही, पाणी प्यायला की साबणाच्या वडीसारखा होतो. तुमच्या काकूंच्या झऱ्याला लाल पाणी येतंय ते तिथूनच. वरचा डोंगर त्या साबणावर सरकतोय. थोडा सरकतो, अडतो, परत सुटतो. सुटताना झटका बसतो. माणसाला तो कळत नाही. पण जमिनीत पुरलेल्या दगडाला कळतो, आणि त्या दगडाला तू टिकली लावून ठेवली आहेस. असे हादरे टिपायला आम्ही महागडी यंत्रं मागतो, तेव्हा सगळ्या जिल्ह्याला मिळून एखादं मिळतं. तू एका वाडीत चाळीस बसवलीस.”

“बाकीच्या वस्तूंनाही टिकल्या असतात की, मॅडम. खुर्च्या, कपाटं.”

“त्या जमिनीवर नुसत्या ठेवलेल्या असतात. उखळ जमिनीचंच झालेलं असतं.”

“पडेल का?”

“कधी, ते मी सांगू शकत नाही. कदाचित यंदा नाहीच. पण झटके जवळजवळ यायला लागलेत. माझं घर तिथे असतं तर मी आज निघाले असते.”

दोघी तशाच तहसीलदारांकडे गेल्या. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि कपाळ चोळलं. “मागच्या साली मी दोन वाड्या हलवल्या, काही झालं नाही, आणि लोकांनी मला शिव्या घातल्या. आता वर काय लिहू? उखळांच्या पैशांवरून गाव उठवलं?” मग म्हणाले, “लोकांना जबरदस्तीने काढायला मला कागद लागतो. स्वतःहून आले तर लागत नाही. तुम्ही त्यांना तयार करा. गाड्या देतो, पलीकडच्या टेकडीवरचं हायस्कूल उघडून देतो. खिचडीचा खर्च माझ्याकडे.”

चिरेखिंडीत भैरोबाच्या सभामंडपात गाव जमलं ते उत्सुकतेने नाही, जाब विचारायला. बायकांच्या नजरा बोचत होत्या. बागवान मॅडमनी डोंगराचं सांगितलं, लोकांनी ते परक्या माणसाचं ऐकावं तसं ऐकलं. शिवरामतात्या नावाचे एक म्हातारे म्हणाले, “बाई, ह्यो डोंगर माझ्या पणज्याच्या आधीपासून हितंच हाय.”

“आधी पैशाचं बोला,” मागून एक बाई म्हणाली.

केशर उभी राहिली. तिने इतक्या माणसांसमोर कधी भाषण केलं नव्हतं. “ते पैसे माझे नाहीत. तुम्ही उखळ वापरलं नाही, मग त्याचं मोल मला कशाचं? ते तुम्हाला परत मिळतील, नाही मिळाले तर मी देईन. पण मी ते वाजवलं नाही, आणि तुम्हीही वाजवलं नाही. मग कुणी वाजवलं, एवढं तरी बघाल का?”

“कसं बघायचं?” अंजाकाकूंनी विचारलं. त्या पहिल्यांदाच बोलल्या.

“सगळी घरं बंद करा. किल्ल्या तुम्ही जवळ ठेवा. लहानथोर सगळे इथे मंडपात बसा, आणि फोन समोर फरशीवर ठेवा.”

काकूंनी पदर खोचला आणि स्वतः घरोघर जाऊन दारं लावून घेतली. वरच्या आळीतली तीन दारं बसली नाहीत, तिथे त्यांनी बाहेरून दोर बांधला. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा राग थोडा उतरला होता. दोर बांधताना काही तरी मनात आलं असावं.

सगळे बसले. बाहेर पाऊस संथ पडत होता. पोरं कंटाळली. लावणी खोळंबली म्हणून पुरुष कुरकुरायला लागले. एकजण उठून चपला घालायला लागला. बागवान मॅडम केशरच्या कानात म्हणाल्या, “आज येईलच असं नाही गं.” केशरने मान हलवली. डोंगर हलावा अशी इच्छा धरावी की हलू नये अशी, हेच तिला समजेनासं झालं होतं.

आणि फरशीवरचे सगळे फोन एकदम वाजले.

उखळ वापरलं. उखळ वापरलं. चाळीस फोन, एकच आवाज. फरशीवर थरथरत ते मधमाश्यांच्या पोळ्यासारखे घोंघावले आणि थांबले. कुणाला जमीन हललेली जाणवली नव्हती. दिवा हलला नव्हता. घरं बंद होती आणि किल्ल्यांचा जुडगा अंजाकाकूंच्या मुठीत होता.

चपला घातलेला माणूस उभा होता तिथेच उभा राहिला. मग फोन पुन्हा वाजले, पहिल्यापेक्षा जास्त वेळ.

अंजाकाकू उठल्या. “जनावरं आधी सोडा,” त्या म्हणाल्या. “मग म्हातारी माणसं. भांड्याकुंड्यांच्या नादी कुणी लागू नका.”

“आन् लावणी?” शिवरामतात्यांनी विचारलं.

“रोप परत लावता येतं, तात्या. उठा.”

तहसीलदारांनी शब्द पाळला, गाड्या आल्या. पण घाटाच्या वळणावर त्यांच्याही पुढे एक ओळखीचा टेम्पो दिसला, मागच्या बाजूला ‘यल्लाप्पा धोत्रे आणि मंडळी’ असं लिहिलेला. दुर्गेश उतरला, बहिणीकडे न बघता मागचं फळकूट खाली पाडलं आणि पहिलं वासरू उचलून आत ठेवलं. संध्याकाळपर्यंत त्याने धान्याची पोती, शेळ्या, एक आजारी म्हातारी आणि शाळेचा फळा इतकं सगळं पलीकडच्या टेकडीवर नेलं. शेवटच्या फेरीत केशर त्याच्या शेजारी बसली.

“अप्पांनी पाठवलं?” तिने विचारलं.

“नाही. तू एकटी गेलीस म्हणून आलो.” घाटाचं वळण घेत तो म्हणाला, “मी सही करायला लावत होतो, अक्का.”

“तू शेडचा विचार करत होतास. कुणीतरी करायलाच हवा होता.”

हायस्कूलमधले दिवस सोपे गेले नाहीत. दोन-तीन दिवस डोंगर होता तसाच उभा राहिला आणि लोकांचा धीर सुटायला लागला. कुणाची म्हैस नव्या खुंट्याची सवय नसल्याने दूध देईना, कुणाला घरातल्या कणगीची काळजी. दुर्गेश आणि बागवान मॅडमही थांबले होते, केशर तर घरी गेलीच नव्हती. ती बायकांबरोबर भाकऱ्या थापायची आणि तिच्या कानावर टोमणे यायचे. अंजाकाकू शाळेच्या फाटकात खुर्ची टाकून बसल्या होत्या. वर जायला निघालेल्या प्रत्येकाला त्या एकच प्रश्न विचारत, “फोन वाजायचा थांबला का?” तो थांबलेला नसे. माणूस परत फिरे.

मग एका सकाळी, चहाच्या वेळी, फोन वाजायला लागले ते थांबेचनात. एक हादरा संपायच्या आत दुसरा. व्हरांड्यात, खिशांत, उशाखाली सगळीकडे तोच आवाज. लहान मुलं आयांना बिलगली. बागवान मॅडम धावत मैदानाच्या कठड्याशी गेल्या, त्यांच्या मागून केशर, आणि मग सगळं गाव.

आणि एकाएकी सगळे फोन गप्प झाले.

आवाज नंतर आला, दरी ओलांडून. समोरच्या डोंगराची कूस सुटली, झाडं उभीच्या उभी खाली येताना दिसली, आणि लाल धुरळ्यासारखा चिखल वरच्या आळीवरून, देवळाच्या माळावरून, ओढ्यापर्यंत गेला. सगळं एका दमात संपलं. जिथे चिरेखिंड होतं तिथे ओली तांबडी उतरण होती.

कुणी तरी हुंदका दिला. अंजाकाकूंनी मागे वळून गावाकडे बघितलं आणि घराघराचं नाव घेऊन हाक मारायला सुरुवात केली. प्रत्येक घरातून ओ आली. शिवरामतात्यांनी दिली, आजारी म्हातारीच्या वतीने तिच्या नातीने दिली. हाका संपल्या. काकू क्षणभर ओठ हलवत उभ्या राहिल्या, जणू कोणी राहिलं का ते मनात पुन्हा तपासत होत्या.

“समदी हाईत,” त्या म्हणाल्या. “समदीच्या समदी हाईत.”

तेव्हा शिवरामतात्यांनी दोन्ही हात वर केले आणि थरथरत्या आवाजात आरोळी दिली, “भैरोबाच्या नावानं...” आणि सगळ्या टेकडीने उत्तर दिलं, “चांगभलं.” रडत होते तेही ओरडले. दुर्गेश ओरडला, बागवान मॅडम ओरडल्या. केशरने अंजाकाकूंचा हात धरला होता; कुणी कुणाचा धरला होता ते तिला नंतरही आठवलं नाही.

पुढची गोष्ट भराभर घडली. नेत्रा सबनीस पुण्याहून स्वतः आली. हायस्कूलच्या बाकावर, भाकरी खात, तिने केशरला सांगितलं की खातं सुरू झालंय, अडवलेले पैसे मिळतील, आणि पेठ तिला तपासणी विभागात मोठ्या पगारावर घ्यायला तयार आहे.

“अडवलेले पैसे या घरांना द्या, तो वापर त्यांचा नव्हता,” केशर म्हणाली. “नोकरी नको, मला कारखाना आहे. पण एक नियम करा. कुणा विक्रेत्याचे पैसे रोखण्याआधी एका माणसाने विक्रेत्याला आणि एका गिऱ्हाइकाला फोन करून विचारायचं, तिकडे काय चाललंय. मशीनने नाही, माणसाने.”

“आमच्याकडे रोज हजारो प्रकरणं येतात, ताई.”

“चिरेखिंड त्यातलंच एक होतं.”

नेत्राने ताटातली चटणी बोटाने पुसून खाल्ली. नियम व्हायला दिवाळी उलटली, पण झाला. आणि पेठेवर माल विकणाऱ्या लोकांनी, ज्यांनी न केलेल्या चुकांवर सह्या करून घर चालवलं होतं, त्यांनी तो पहिल्या आठवड्यातच पाठ केला.

सरकारच्या आपत्ती विभागाने बागवान मॅडमना घाटमाथ्यावरच्या वाड्यांचा नकाशा करायला सांगितलं. जिथे तांबडा पट्टा होता, त्या प्रत्येक वाडीत टिकलीची उखळं बसवायची ठरली. त्यांचं मोल मात्र घरांनी द्यायचं नव्हतं. उखळ कुटण्यासाठी वापरलं नाही तरी ते डोंगराचं ऐकत राहणार, तेव्हा त्या ऐकण्याचं मोल सरकार देणार, विक्रेत्यालाही आणि ज्या घरात ते पुरलं त्या घरालाही. बँकेने कर्जासाठी दुर्गेशला स्वतःहून फोन केला. त्याने शेड मोठी केली आणि कारखान्यावर चिरेखिंडीच्या सहा तरुणांना घेतलं. नवं चिरेखिंड पलीकडच्या टेकडीवर, हायस्कूलच्या वरच्या सपाटीला उभं राहिलं. त्याच्या पहिल्या घराची चौकट अंजाकाकूंनी केशरच्या हातून बसवून घेतली.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात केशर आणि अंजाकाकू टेम्पोतून घाटातल्या एका दूरच्या वाडीत उखळं घेऊन गेल्या. आता काकू प्रत्येक फेरीला येत. गावकऱ्यांशी बोलणं हे त्यांचं काम. त्यांनी पिंपळाच्या पारावर बसून टिकलीचं सांगितलं, तांबड्या मातीचं सांगितलं, मंडपातल्या त्या दुपारचं सांगितलं. बाया पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. एक आजोबा मात्र उखळाभोवती दोनदा फिरले, आत हात घालून तळ चाचपून बघितला आणि म्हणाले, “हे डोंगराचं ऐकतं, ते झालं. पण कुटतं का नीट? आमच्या म्हातारीला बारीक लागतं.”

अंजाकाकूंनी केशरकडे बघितलं, मग आजोबांकडे. बांगड्या कोपरापर्यंत सारल्या, लसूण, सुक्या मिरच्या आणि भाजलेली कारळं मागवली, मुसळ हातात घेतलं आणि पाराजवळ उभ्या राहून घाव घालायला सुरुवात केली. लसणाचा वास पारभर पसरला. पोरंटोरं जवळ आली. काकूंनी बोटभर चटणी भाकरीच्या तुकड्यावर घेतली आणि आजोबांच्या पुढे धरली.

आजोबांनी तो तुकडा सावकाश चावला. डोळ्यांत पाणी आलं ते तिखटाने.

“दोन द्या,” ते म्हणाले. “एक लेकीच्या घरी. ती डोंगराच्या वरच्या अंगाला राहती.”